ऑडिशनला गाऊ काय?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या भाचीचा फोन आला. "मामू, तारीख आली," एवढंच म्हणाली आणि गप्प राहिली. तारीख म्हणजे आकाशवाणीच्या स्वरचाचणीची. गाणारी मंडळी तिला सरळ ऑडिशन म्हणतात, मीही तसंच म्हणतो. मी अभिनंदन केलं, तर पलीकडून प्रश्न आला, "पण गाऊ काय?"

हा प्रश्न तिनं मला का विचारावा? मी कविता लिहिणारा माणूस. गाण्यातला माझा अधिकार म्हणाल तर एवढाच, की तरुणपणी सात-आठ वर्षं मिरजेत एका बुजुर्ग गवयाकडे शिकलो आणि १९९३ साली ऑडिशनला बसून व्यवस्थित नापास झालो. भाचीला हे ठाऊक आहे. म्हणूनच विचारलं असावं. पास झालेला माणूस आपण कसे गायलो ते सांगतो. नापास झालेल्याला आपण काय गायलो तेच जन्मभर आठवत राहतं.

तिची अडचण मात्र माझ्याहून वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. या ग्रंथीला अगदी लगटून स्वरयंत्राच्या नसा जातात, त्यामुळे वरचे सूर पूर्वीसारखे लागतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. गाठ निघाली, तब्येत सुधारली, बोलणं पूर्ववत झालं. पण पूर्वी तिचा आवाज तार षड्जावर जो सहज जाऊन बसायचा, तो आता तिथं चढताना दमतो. आणि तिनं कॉलेजातल्या सगळ्या स्पर्धा जिंकल्या त्या बसंत रागावर. बसंताचा सगळा जीव वरच्या अंगात. तार षड्ज डळमळला, की बसंत कोसळलाच.

"बसंतच गाते," ती म्हणाली. "लोक मला त्यानंच ओळखतात."

मी म्हटलं, "बेटा, तिथं तुला कोणी ओळखत नसतं. तीच तर तिथली गंमत आहे."

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन करायचं तर आधी चाचणी द्यावी लागते. स्थानिक समिती ऐकते, वरच्या श्रेणीचा प्रश्न आला की ध्वनिमुद्रण दिल्लीच्या मंडळाकडे जातं, आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या ठरतात. ऐकणाऱ्यांना गाणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही, हा यातला मूळ विचार. ही शिस्त बसवली ती १९५२ नंतर, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना. केसकर मराठी माणूस, आणि त्यांनी या कामी ज्यांना बोलावलं ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरही मराठीच. त्या वेळी मोठा गदारोळ झाला. ज्यांनी दरबारात आणि मैफलीत नाव कमावलं होतं अशा उस्तादांना, पंडितांना वाटलं, आता या वयात आम्ही परीक्षा द्यायची? काहींनी तर बहिष्कार घातला. त्यांचा राग मला समजतो. पण नाव नाही, गाव नाही, घराणं नाही, नुसता आवाज, ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. माझ्यासारख्याला त्यात एक वेगळा निवांतपणा होता.

हा निवांतपणा फसवा मात्र असतो. मैफलीत लोक तुमचा चेहरा पाहतात, तुमच्या गुरूंना ओळखतात, समोरचा एखादा मान डोलावतो. एखादी जागा चुकली तर तुम्ही हसता, तेही हसतात आणि गाणं पुढे जातं. ऑडिशनला यातलं काहीच हाताशी नसतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आपल्याकडे घरोघरी दिल्या जातात. त्या परीक्षांची सवय इथं उलट नडते, असं माझं मत आहे. तिथं दर वर्षी ठरलेले राग, आरोह-अवरोह, पकड, थोडं थोडं सगळं. किती येतं ते तिथं पाहतात. ऑडिशनला ऐकतात ते, जे येतं ते किती मुरलं आहे हे.

माझी चूक अर्जापासूनच सुरू झाली होती. येणाऱ्या रागांची यादी द्यायची होती. मी २२ राग लिहिले. त्यातले दहा-अकरा मला येत होते. बाकीचे मला माहीत होते.

पसंतीचा राग म्हणून मी मारवा लिहिला. त्या दिवसांत अमीर खाँसाहेबांच्या मारव्यानं मला झपाटलं होतं. ती ध्वनिमुद्रिका आमच्या एका मित्राकडे होती, आम्ही ती इतकी वाजवली की शेवटी त्याच्या वडिलांनी कपाटात कुलूपबंद केली. मला वाटलं, जो राग ऐकून आपल्या अंगावर काटा येतो तोच गावा. ऐकायला आवडणारा राग आणि गळ्याला मानवणारा राग यांची गाठ पडेलच असं नाही, हे तेव्हा कोण सांगणार? सांगणारे गुरुजी होते, पण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मारव्याची मेख काय आहे ते सांगतो. या रागात पंचम नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत हे याचे दोन खांब. आणि षड्ज, म्हणजे ज्याच्यावर आपलं सगळं गाणं उभं राहतं तो सा, या रागात हातचा राखून ठेवायचा असतो. गवई त्याच्याभोवती फिरतो, त्याला चुकवतो, ऐकणाऱ्याला तहानलेला ठेवतो आणि मग कधीतरी सावकाश त्याच्यावर येतो. संध्याकाळी सूर्य गेलेला आणि दिवा अजून लागलेला नाही, अशा वेळची ती बेचैनी. पण सा इतका वेळ सोडून द्यायचा तर तो मनात पक्का हवा. नाहीतर माणूस अंधारात घराबाहेर पडतो आणि परत येताना दार सापडत नाही.

त्यात तानपुरा. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन आणि शेवटची षड्जात असतात, आणि पहिली बहुतेक रागांना पंचमात लावतात. राग पंचम नसलेला असेल तर ती तार बदलावी लागते. मालकंसाला मध्यमात, मारव्याला निषादात. त्या दिवशी माझ्या आधी कोणी यमन की भीमपलास गाऊन गेलं होतं आणि तानपुरा पंचमात जुळलेला होता. मी खुंटी पिळायला घेतली. तार चढवताना तुटेल की काय ही धास्ती, काचेपलीकडे कोणी घड्याळ पाहत असेल ही दुसरी. ज्या मिरजेचे तानपुरे देशभर जातात, त्या गावच्या पोराला त्या दिवशी तानपुरा नीट लावता येईना. शेवटी "चालेल" म्हणून बसलो. चार-पाच मिनिटांनी जेव्हा षड्जावर आलो, तेव्हा माझा षड्ज आणि तानपुऱ्याचा षड्ज यांत केसभर अंतर होतं. मैफलीत ते एखाद्यानं पोटात घातलं असतं. मायक्रोफोनला पोट नसतं.

मग स्पीकरमधून आवाज आला, "आता यादीतला देशकार."

देशकार मी यादीत का लिहिला होता? तर भूप मला येत होता आणि देशकाराचे सूर भूपाचेच, सा रे ग प ध. पाच सूर दोघांचे सारखे, म्हणजे एकात दोन राग फुकट, असा तो हिशेब. पण भूप गंधारावर विसावतो, त्याची बैठक मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात. तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार सकाळचा, तो धैवतावर उभा राहतो आणि वरच्या षड्जाकडे पाहतो. गंधारावर त्यानं रेंगाळायचं नाही. मी दोन आलाप बरे घेतले, आणि तिसऱ्यात सवयीनं गंधारावर जाऊन आरामात बसलो. अगदी घरी आल्यासारखं वाटलं. घर शेजाऱ्याचं होतं.

"धन्यवाद," आवाज म्हणाला. महिन्याभरानं आलेल्या पत्रात जे असायचं तेच होतं.

गुरुजींना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. पानाला चुना लावत म्हणाले, "तू रोज सायकल पुसताना भीमपलास गुणगुणतोस, तो का नाही गायलास?" मी म्हटलं, "तो काय, सगळेच गातात." त्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढं मी गाणं सोडलं ते या पत्रामुळे नव्हे. पण पत्र त्या काळात आलं हे खरं.

भाचीला मी ही सगळी कहाणी पुन्हा सांगितली. मग आम्ही दोघं कामाला लागलो. आवाजासाठी राग निवडायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं?

सप्तकाचं तीन मजली घर समजा. तळमजला मंद्र, मधला मजला मध्य, वरची माडी म्हणजे तार सप्तक. प्रत्येक गळा यातल्या एखाद्या मजल्यावर जास्त रमतो. रागांचंही तसंच. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिघांचे सूर एकच: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि निषाद, पंचम तिघांनाही वर्ज्य. पण पूरिया गंधार-निषाद धरून मंद्राकडे उतरतो, तळमजल्यावर रमतो. मारवा मधल्या मजल्यावर रिषभ-धैवताशी झुंजतो. सोहनी माडीवर, तार षड्जाच्या आसपास भिरभिरते. कागदावर सूर लिहिले तर तिघं भावंडं. गळ्याला मात्र तीन वेगळी कामं. ज्याचा मंद्र भरदार आहे त्यानं सोहनीच्या मागे लागून आपली निम्मी दौलत घरी ठेवून का जावं? आणि ज्याचा खालचा आवाज हवेत विरतो त्यानं दरबारीचं ओझं कशाला उचलावं?

दरबारीचं तर आणखी एक आहे. त्याचा गंधार नुसता कोमल नाही, तो आंदोलित आहे, सावकाश झुलणारा आणि नेहमीच्या कोमल गंधाराहून जरा उतरलेला. तो झुला बरोबर यायला वर्षं जातात. घाबरलेल्या गळ्यातून तो निघाला तर झुलत नाही, थरथरतो. जोडराग, म्हणजे दोन राग एकत्र गुंफलेले, हे तर ऑडिशनला आपण होऊन मागवलेलं संकट. एक राग सांभाळताना घाम फुटतो, तिथं दोघांची मर्जी राखायची.

उलट बाजूची चूकही होते. "सोपा म्हणून भूप गाते," असं मुली म्हणतात. भूप सुरुवातीला शिकवतात, म्हणून तो सोपा असं नाही. पाचच सूर, मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीत; चुकलेल्याला लपायला कोपरा नाही. यमनाचं काय? ऐकणाऱ्यांनी सकाळपासून नऊ यमन ऐकले असतील, तुमचा दहावा, अशी भीती घालतात. मला ही भीती पटत नाही. बऱ्या सुरातला यमन ऐकून कंटाळलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. नऊ कच्च्या यमनांनंतर दहावा पक्का आला तर बसणारा सावरून बसेल.

वेळेचा हिशेब लोक करतच नाहीत, तो मात्र कागद-पेन्सिल घेऊन करावा. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा. एक मात्रा ४ सेकंदांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. गायला १० मिनिटं मिळाली असं समजा, तर साडेबारा आवर्तनं होतात. एवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप, बोल, ताना आणि वर द्रुत बंदिश! मैफलीत शोभणारी ती अतिविलंबित लय इथं घेतली तर राग उंबरठ्यावर येईपर्यंत "धन्यवाद" ऐकू येतं. मात्रा अडीच सेकंदांवर आणली की आवर्तन ३० सेकंदांचं, आणि तेवढ्याच वेळात २० आवर्तनं हातात येतात. भाचीनं हे मोबाइलवर वेळ लावून करून पाहिलं आणि म्हणाली, "मामू, मी तर अजून अंतऱ्यालाच पोचले नव्हते." जुन्या तबकड्यांच्या काळात अब्दुल करीम खाँसाहेबांना, केसरबाईंना तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडावा लागत असे, आणि त्यांनी तो मांडला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यातली केसरबाईंची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे.

तबलजी बहुतेक वेळा अनोळखी असतो, तालीम होत नाही. म्हणून एकताल, तीनताल. आडाचौताल घरी ठेवावा. तो वाजवील हो, उत्तम वाजवील, पण समेवर भेटताना दोघांनी एकमेकांचे चेहरे पाहू नयेत.

आता माझ्या अखत्यारीतली एक गोष्ट. बंदिशीचे शब्द. गवई मंडळी राग निवडतात, ताल निवडतात, आणि बंदिश "गुरूंनी दिली ती" घेतात. मी म्हणतो, बंदिश बोलून पाहा. तिच्या मुखड्यात समेवर कोणता स्वर येतो? मी इथं स्वर म्हणतो तो व्याकरणातला: अ, आ, इ, ई. समेवर किंवा वरच्या सुरावर 'आ' आला तर गळा उघडतो, 'ई' आली तर काही गळे चिमटतात, आणि 'उ' आला तर काहींचा आवाज तोंडातच राहतो. सगळ्यांचं असं होत नाही; काहींची 'ई' इतकी धारदार असते की तीच त्यांची दौलत. पण आपलं काय होतं ते आपल्याला माहीत हवं. सदारंग, म्हणजे बादशहा मुहम्मद शाहच्या दरबारातले नियामत खाँ, आणि अलीकडचे प्रेमपिया म्हणजे आपले फैयाज खाँसाहेब, हे बंदिशकार स्वतः गाणारे होते. त्यांच्या रचनांत कुठं श्वास घ्यायचा ते शब्दच सांगतात. कागदावर वाचून या ओळी किरकोळ वाटतील. गाऊन पाहिल्या की कळतं, की त्या कवितेसारख्या लिहिलेल्याच नाहीत, गळ्याच्या मापानं बेतलेल्या आहेत. मी इतकी वर्षं कविता लिहितो, पण असं एक अक्षर मला बेतता आलेलं नाही.

शिवाय उच्चार. आपण मराठी माणसं ब्रज भाषेतला 'चांद' आपल्या चांदण्यातल्या 'च'नं म्हणतो आणि 'जमुना' आपल्या 'जमणं'मधल्या 'ज'नं. दिल्लीच्या कानाला ते खडा लागल्यासारखं लागतं. आमच्या घरात दखनी बोलली जाते, त्यामुळे भाचीला हा त्रास नव्हता. तिच्या बरोबरच्या मुलींना होता. या कृष्णाच्या आणि राधेच्या बंदिशी शतकानुशतकं खाँसाहेबांच्या घराण्यांनी जपल्या, शिकवल्या, त्यावरून आमच्या मोहल्ल्यात कधी कोणी भुवई उंचावलेली मला आठवत नाही.

हे सगळं झाल्यावर, एका रविवारी घरी आली असताना, भाचीनं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी आता आजारी आवाजाला साजेल असंच गायचं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिची अम्मी, म्हणजे माझी बहीण, स्वयंपाकघरात होती. तिच्याकडे स्पर्धेतल्या त्या बसंताची कॅसेट आजही आहे. तिचं मत भाचीच्या बाजूचं होतं हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मग मी अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट काढली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारी आलेले, केसरबाई आणि मोगूबाईंचे गुरू. त्यांचा मूळचा आवाज फार गोड होता असं सांगतात. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागलं आणि आवाज बसला. पुढं बराच काळ गाणं बंद. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता, जाड झालेला, खरबरीत. मग त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी रचली: लयीला घट्ट बांधलेली, पेचदार, नागमोडी ताना, अनवट राग. जयपूर-अत्रौली म्हणून आज जिला जग मान देतं ती ही. आणि कुमार गंधर्व? क्षयानं अनेक वर्षं अंथरुणाला खिळले, गाणं बंद. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उठले तेव्हा फुप्फुसांत पूर्वीचा दम नव्हता. लांबच लांब तानेऐवजी छोटे, चपळ, विजेसारखे तुकडे आले, मध्ये थांबे आले. लोकांनी त्या थांब्यांवर जीव टाकला. यातले कोणीही आजारी आवाजाला साजेसं गायले असं कोणी म्हणेल का? होता तो आवाज घेऊन ते गायले.

भाची काही बोलली नाही. "ते अल्लादिया खाँ होते, मामू," एवढंच जाताना म्हणाली. हेही खरंच होतं.

पंधरा दिवसांनी तिनं फोनवर मला काही ऐकवलं. मंद्र सप्तकात, सावकाश. शस्त्रक्रियेनंतर तिच्या खालच्या सुरांना एक भरदारपणा आला होता, तो पूर्वी नव्हता. किंवा होता आणि बसंताच्या घाईत आम्हाला कधी ऐकू आला नव्हता. मी विचारलं, "शुद्ध कल्याण?" ती म्हणाली, "हो. बाईंनी सुचवला. आणि पट्टी उतरवली. काळी चारवरून काळी तीनवर." पट्टी उतरवणं हे गाणाऱ्या बायकांना वय कबूल करण्यासारखं वाटतं, त्यामुळे त्या वाक्याची किंमत मला कळली. शुद्ध कल्याण चढताना भूपासारखा चढतो, उतरताना निषाद आणि तीव्र मध्यमाला ओझरता स्पर्श करत येतो, आणि त्याची खरी शोभा मंद्रात आणि मध्य सप्तकाच्या खालच्या भागात. पंचम आहे, म्हणजे तानपुऱ्याची तार पिळायला नको. धोका एकच, तो स्पर्श निसटला तर भूप होतो. पण हा धोका तिच्या ओळखीचा होता, दोन वर्षं ती त्याच्याशी झटत होती. अंतऱ्यात तार षड्ज येतोच, तो टाळता येत नाही. तिनं अशी बंदिश घेतली की तिथं शब्दात 'आ' आहे आणि लगेच खाली यायला वाट आहे. वर जायचं, दाराला हात लावायचा, परतायचं. मुक्काम करायचा नाही.

यादी तिनं ११ रागांची केली. मी विचारलं, "बसंत?" ती म्हणाली, "लिहिला होता. खोडला." लिहिला असता तर कोणी मागितलाही असता.

दसऱ्यानंतर ती एका केंद्रावर जाऊन गाऊन आली. रात्री फोन आला. तानपुरा पंचमातच होता, तबलजी चांगला निघाला, अंतऱ्यापर्यंत पोचली, यादीतला बिहाग मागितला. "तार षड्ज?" मी विचारलं. "लागला," ती म्हणाली. "थोडा वेळच थांबले."

पत्र अजून आलेलं नाही. बहीण सांगते, पोरगी संध्याकाळी भाकऱ्या थापताना बसंत गुणगुणते, खालच्या पट्टीत, अगदी हळू, आणि मी हे तुम्हाला सांगितलं हे तिला सांगू नका.